कुलाब्याच्या वहीतलं एक पान

खांदेश्वर स्टेशनवर उतरून कळंबोलीच्या हायवेकडे निघालात की नवीन पनवेलच्या सेक्टर 18 मध्ये एक आवार लागतं. भारतीय भूचुंबकत्व संस्था. तुम्ही जवळच्या टपरीवर चहा घेता. शेजारचे काका पेपर मिटतात आणि म्हणतात, "उन्हाळ्यात आमच्या नळाला दिवसाआड पाणी, आणि हे सूर्याकडे यानं पाठवतात. कुणाच्या पैशाने?" प्रश्न खरा आहे, तो झटकून टाकू नका. ग्लास ठेवा आणि माझ्याबरोबर चला. लांब नाही, खाडीपलीकडे कुलाब्याला. साल फक्त 1859.

शुक्रवार, 2 सप्टेंबर. शके 1781 चा भाद्रपद, घरोघरी गणपती बसलेले. कुलाब्याच्या दांडीवरच्या वेधशाळेत शिरताना तुम्ही कमरेच्या किल्ल्या बाहेर ठेवता, कारण चुंबकाच्या खोलीत लोखंड चालत नाही. गणितज्ञ केरूनाना छत्रे उमेदीच्या वयात इथेच नोकरीला होते. खोली अंधारी, पावसाळ्याने ओलसर. मधोमध दोऱ्यांवर टांगलेली चुंबकाची पट्टी, तिला बसवलेला आरसा, थोड्या अंतरावर दुर्बीण. दुर्बिणीतून त्या आरशात मोजपट्टीवरचा आकडा दिसतो. तुमचं काम एवढंच की तासातासाला तो वाचायचा आणि वहीत लिहायचा. दिवसा आणि रात्रीही. घरी कुणी विचारलं, हे सरकार कशासाठी पगार देतं, तर सांगण्यासारखं तुमच्याकडे काही नाही. साहेबालाही ते पुरतं सांगता येणार नाही.

आज आकडा जागेवर थांबत नाही. सकाळ सरत येते तसा तो कोसळायला लागतो. तुम्ही डोळे पुसून पुन्हा बघता. दोरा निसटला असेल का? नाही, दोरा जागेवर आहे. आता तासाची वाट बघून चालत नाही, काही मिनिटांनीच पुन्हा दुर्बिणीला डोळा लावावा लागतो. बाहेर समुद्र तसाच आहे, कोळ्यांच्या होड्या तशाच आहेत. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली आहेत, तारमास्तरांना झटके बसले आहेत. काल इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्याच्या डागांपाशी पांढरा लखलखाट पाहिला. यातलं काहीही तुमच्या कानावर आलेलं नाही. तुम्ही आकडा वाचता, लिहिता, पुन्हा वाचता.

ते पान पुढची 144 वर्षं शांत पडून राहिलं. 2003 मध्ये भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्षसिंग लाखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी ब्रूस त्सुरुतानी आणि वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासह ते वाचलं. पृथ्वीच्या आडव्या चुंबकीय बलात त्या सकाळी सुमारे 1600 नॅनोटेस्लाची घट झाली होती. मे 2024 चं सूर्याचं वादळ तुम्हाला आठवत असेल, लडाखच्या हानलेहून आकाश लाल दिसलं होतं. दोन दशकांतलं ते सर्वांत मोठं वादळ, आणि त्यातली जागतिक सरासरी घट होती साधारण चारशे. इंग्लंडच्या वेधशाळांत 1859 साली फोटोच्या कागदावर आपोआप नोंद होत होती, ती रेघ कागदाबाहेर गेली. कुलाब्याला माणूस बसला होता, म्हणून आकडा उरला. मला या माणसाबद्दल फार माया वाटते.

आता अलिबाग, 1904. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबक बहकणार, म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात वेधशाळा इथे हलते आहे. तुम्ही पोरबंदरी दगडाच्या भिंतीवर हात फिरवता. बांधकामात लोखंड नाही. सुमारे दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे वाचन सुरू राहतं, म्हणजे साखळी तुटणार नाही.

आणि मग 1972. इथे तुम्हाला नेताना माझाच पाय अडखळतो. मराठवाड्यातलं दुष्काळी काम, हातात हातोडी, पुढ्यात खडीचा ढीग, दुपारी वाट्याला सुकडी. याच वर्षी केंद्राने अंतराळ विभाग स्थापन केला. त्या ढिगापाशी तुमच्या शेजारची बाई विचारते, "आमच्या पोटाला नाही नि हे आभाळात कशाला?" तिला मी काही समजावणार नाही. भूक आधी, यात वाद नाही. पण तिच्या पोटची पिढी ज्या पावसाचा आणि वादळाचा अंदाज बघून कामाला निघते, तो त्याच विभागाच्या उपग्रहांवर टेकलेला आहे. 3 जून 2020 ला 'निसर्ग' वादळ त्याच अलिबागच्या किनाऱ्याला धडकलं. छपरं उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. उपग्रहाने यातलं काही थांबवलं नाही. ते कुठे येणार हे मात्र आधी कळलं, आणि हजारो माणसं हलवता आली.

शेवटचा मुक्काम शनिवारी, 2 सप्टेंबर 2023 ला. तारीख पुन्हा बघा. श्रीहरिकोट्याहून 11 वाजून 50 मिनिटांनी आदित्य-एल1 हे सूर्यावर नजर ठेवणारं यान सुटतं. चार महिन्यांनी ते पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर जाऊन थांबतं आणि सहा मीटरची दांडी बाहेर काढतं. त्या दांडीवर चुंबकमापक आहेत. कुलाब्याच्या अंधाऱ्या खोलीतलं काम आता तिथे चालतं.

पुन्हा टपरीवर या, चहा अजून कोमट असेल. काकांना सांगा, इस्रोचा वर्षाचा खर्च सुमारे 13 हजार कोटी आहे, तुमच्या-माझ्या डोक्यावर शंभर रुपयांच्या आत. नळाचं पाणी त्या शंभरात अडलेलं नाही, त्यासाठी वेगळं भांडावं लागेल, आणि जरूर भांडावं. पण याच नवी मुंबईत ऐरोलीला राज्याचं वीज भारप्रेषण केंद्र आहे, महापे-ऐरोलीत डेटा सेंटरांच्या रांगा आहेत, उलव्याला विमानतळ उभा राहिला आहे. हे सगळं वीज आणि उपग्रहांच्या संकेतांवर चालतं. मार्च 1989 मध्ये सूर्याच्या वादळाने कॅनडातल्या क्विबेकची वीज नऊ तास घालवली, 60 लाख माणसं अंधारात होती. आपण विषुववृत्ताजवळ, आपल्याला धोका कमी, हे बरोबर आहे. पण 1600 चा आकडा कुलाब्याचाच आहे.

माणूस चंद्रावर न्यायला माझा विरोध नाही. पण पैसे मोजताना असे पहारे पहिले असावेत, आणि त्यांत काटकसर नसावी. आदित्य-एल1 सूर्याचा झोत जाताना बघतं, तेव्हा तो पृथ्वीवर पोहोचायला साधारण तासभर उरलेला असतो. वादळ वेगवान असेल तर त्याहून कमी.