नारू, फडकं आणि मेंढरांचा वाडा

मंडळी, "नारू" म्हणजे काय, हे घरातल्या पोरांना विचारून बघा. माझ्या भाच्यांना ते कुणाचं तरी टोपणनाव वाटलं! आमच्या लातूर-नांदेडकडच्या जुन्या माणसांचा हात मात्र हा शब्द ऐकताच पायाकडे जातो.

नारू म्हणजे हात-दोन हात लांब, दोऱ्यासारखा कृमी. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक किड्यातून तो पोटात जायचा आणि साधारण वर्षभराने, बहुधा पायावर फोड येऊन, बाहेर पडायचा. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवायचा, की कृमी हजारो पिल्लं तिथे सोडून मोकळा. बारवा, पायविहिरी ही त्याची हक्काची जागा. तिथे पाण्यात उतरूनच घागर भरायची ना!

आता हे गणित धनगरांच्या वाड्याला लावून बघा. (हा वाडा चिरेबंदी नव्हे, मेंढरं, घोडी, बिऱ्हाड मिळून चालता संसार.) मांजरा, मन्याड, गोदावरीच्या खोऱ्यात पिकं निघतील तसा वाडा पुढे सरकतो. शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतो, बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. पाणी मिळेल तिथलं, ओढ्याचं नाहीतर विहिरीचं. म्हणजे नारू एका शिवारात पोटात जाणार आणि वर्षाने भलत्याच शिवारात बाहेर पडणार. अशा चालत्या माणसांना टाळून रोग हटलाच नसता.

नारूवर ना लस होती, ना औषध. १९८३-८४ पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत पायविहिरींच्या जागी वरून शेंदायच्या विहिरी झाल्या, हातपंप आले. आणि पाणी गाळायचं फडकं! देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरवला. घागरीच्या तोंडाला फडकं बांधणाऱ्या बायांचा यात केवढा वाटा! इतिहासात त्यांचं नाव येत नाही, वाड्यावरच्या बायांचं तर नाहीच.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते सगळ्या देशाने पाहिलं. २ ऑक्टोबर २०१९ ला ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झाला. त्याच वर्षी घरोघरी नळ देणारं जलजीवन मिशन सुरू झालं. योजना चांगल्याच. पण नळ घराला, संडासही घराला. घरच घोड्याच्या पाठीवर असेल तर? त्या बाईने अंधार पडायची वाट बघायची, पाळीच्या दिवसांत आडोसा शोधायचा.

दरवर्षीच्या मुक्कामाच्या वाटा गावाला ठाऊक असतात. तिथे एक नळ, एक आडोसा ही काही फार मोठी मागणी नाही.

असो. आपल्यापैकी ज्यांची शेतं अजून तिकडे आहेत, त्यांच्या रानात यंदा वाडा बसला तर धान्यासोबत मोटारही तासभर चालू करून द्या. खताच्या मानाने पाणी काही महाग नाही.