‘हात लावू नये’पासून ‘हात लावा’पर्यंत

दिवाळीच्या सुट्टीत उदगीरहून दोन लहान मुलांना घेऊन आम्ही एका मोठ्या शहरात गेलो होतो. थोरला सात वर्षांचा, धाकटी चार वर्षांची. पहिल्या दिवशी एक जुने वस्तुसंग्रहालय पाहिले. तिथे धाकटीने एका दगडी मूर्तीच्या पायाला हात लावला आणि रखवालदार ओरडला. दुसऱ्या दिवशी विज्ञान केंद्रात गेलो, तर दारातून आत शिरताच तिने आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. समोर चाके, आरसे, लोलक, फिरवायच्या मुठी. आणि ही हात बांधून उभी! ‘इथे हात लावायचा असतो’ हे तिला पटवायला आम्हाला बराच वेळ लागला.

रखवालदाराचे काही चुकले नव्हते. हजार वर्षांपूर्वीची मूर्ती एकच असते. रोज शेकडो हात लागले तर ती झिजणार. तिथे मोल आहे ते वस्तूला. विज्ञान केंद्रातल्या लोलकाला मात्र तसे मोल नाही. तो मोडला तर उद्या दुसरा टांगता येतो. तिथे मोल आहे ते घटनेला, म्हणजे मुलाने लोलक ओढून सोडल्यावर जे घडते त्याला. हा फरक आज साधा वाटतो. पण तो संग्रहालये चालवणाऱ्यांच्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला. तो कसा आला याची हकीकत शिक्षकांनी आवर्जून समजून घ्यावी अशी आहे. कारण त्या हकीकतीत जागोजागी शाळा भेटते.

शिक्षकांनी उभारलेले संग्रहालय

खास मुलांसाठी काढलेले जगातले पहिले संग्रहालय म्हणून अमेरिकेतल्या ब्रुकलिनच्या बाल-संग्रहालयाचे नाव घेतले जाते. ते 1899 साली सुरू झाले. ॲना बिलिंग्ज गॅलप या बाईंनी पुढे अनेक वर्षे ते सांभाळले. संग्रहालय मुलांचे आहे असे मुलांना वाटले पाहिजे, मोठ्यांनी तिथे मदतनीस म्हणून वावरावे, असा त्यांचा आग्रह होता. 1913 साली बोस्टनमध्ये असेच दुसरे संग्रहालय उघडले. त्यामागे विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांचा एक गट होता. शाळेत दाखवायला नमुने मिळत नाहीत, ते आपापसांत वाटून घ्यावेत, या गरजेतून ते संग्रहालय उभे राहिले.

तरी या सुरुवातीच्या संग्रहालयांतही बऱ्याच वस्तू काचेच्या कपाटातच असत. बोस्टनमध्ये ती काच खऱ्या अर्थाने बाजूला झाली 1962 नंतर. त्या वर्षी मायकेल स्पॉक तिथे संचालक झाले. बालसंगोपनावरील पुस्तकामुळे घरोघरी ठाऊक असलेल्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे हे चिरंजीव. लहानपणी त्यांना वाचायला फार जड जाई. पाटीवरचा मजकूर वाचता न येणारे मूल संग्रहालयात काय करते, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. त्यांनी रोजच्या वापरातल्या वस्तू मधोमध कापून त्यांचे पोट मुलांना दाखवले आणि हाताळायला दिले.

इकडे युरोपात दुसरा प्रवाह वाहत होता. जर्मनीत म्युनिक येथे ऑस्कर फॉन मिलर या अभियंत्याने 1903 साली विज्ञान व तंत्रज्ञानाचे मोठे संग्रहालय स्थापन केले. त्याची मुख्य इमारत 1925 साली उघडली. तिथे यंत्रे चालवून दाखवली जात आणि काही तर प्रेक्षकाने स्वतःच चालवायची असत. लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने 1931 साली मुलांसाठी वेगळे दालन काढले. हात बांधून बघण्यापेक्षा हे पुष्कळच पुढचे होते. पण बटण दाबले की दिवा लागला आणि चाक फिरले, एवढ्यावर गोष्ट पुष्कळदा संपत असे. मुलाने बटण दाबले, म्हणजे त्याने प्रयोग केला असे होत नाही. प्रयोग म्हणजे काहीतरी बदलून पाहणे, आणि बदलल्यावर काय होईल याचा आधी अंदाज करणे.

भंगारातून निघालेली प्रयोगशाळा

ही उणीव ज्याने नेमकी ओळखली तो माणूस एका खेड्यातल्या शाळेचा मास्तर होता. फ्रँक ओपेनहायमर हे भौतिकशास्त्रज्ञ. अणुबाँबच्या प्रकल्पाचे वैज्ञानिक प्रमुख रॉबर्ट ओपेनहायमर यांचे धाकटे भाऊ, आणि स्वतःही त्या प्रकल्पात काम केलेले. 1949 साली राजकीय चौकशीत त्यांचा पूर्वीचा कम्युनिस्ट पक्षाशी असलेला संबंध उघड झाला. विद्यापीठातली नोकरी गेली, दुसरीकडे कुठे कोणी घेईना. मग कोलोरॅडोच्या डोंगराळ मुलखात त्यांनी गुरे पाळली. पुढे 1957 साली जवळच्याच पॅगोसा स्प्रिंग्ज या छोट्या गावातल्या शाळेत ते विज्ञान शिकवू लागले.

शाळेत साहित्य बेताचेच. ओपेनहायमर मुलांना घेऊन भंगाराच्या ढिगाऱ्यावर जात. मोटारींचे जुने भाग, मोडकी यंत्रे, तारा असे जे हाती लागेल त्यातून यंत्रशास्त्र, उष्णता आणि वीज शिकवत. दोन वर्षांनी विद्यापीठाचे दार त्यांना पुन्हा उघडले. तिथे त्यांनी शेकडो नाही तरी डझनावारी प्रयोग कायम मांडून ठेवले. ग्रंथालयात जाऊन हवे ते पुस्तक काढावे, तसे विद्यार्थ्याने येऊन हवा तो प्रयोग करावा, ही त्यामागची कल्पना. 1965 साली युरोपातील संग्रहालये त्यांनी पाहिली आणि 1969 साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ‘एक्स्प्लोरेटोरियम’ सुरू केले. तिथे प्रत्येक मांडणीत प्रेक्षकाला काहीतरी बदलता यावे असा कटाक्ष होता. समजावून सांगायला प्राध्यापक नव्हते, तर शाळेतलीच मोठी मुले-मुली होती. पुढे जगभर निघालेल्या कितीतरी विज्ञान केंद्रांनी या संस्थेपासून धडे घेतले. म्हणजे त्या प्रचंड वृक्षाचे बीज पडले होते एका आडगावच्या शाळेमागच्या भंगारात!

आपल्याकडे

भारतात कोलकात्याचे बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय 1959 साली उघडले. लोक संग्रहालयाकडे येऊ शकत नसतील तर संग्रहालयानेच लोकांकडे जावे, म्हणून 1965 साली त्यांनी गाडीवरचे फिरते प्रदर्शन काढले. 1978 साली राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली. मुंबईत वरळीला 1979 साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, उघड्यावरचे विज्ञान उद्यान मुलांसाठी खुले झाले आणि 1985 साली नेहरू विज्ञान केंद्राची पूर्ण इमारत. नागपूरचे रामन विज्ञान केंद्र 1992 सालचे.

उदगीरच्या मुलाला मुंबई काय किंवा नागपूर काय, एका रात्रीचा प्रवास. त्यातल्या त्यात जवळ म्हणजे कलबुर्गी, सोलापूर आणि हैदराबाद; तीही दीड-दोनशे किलोमीटरच्या आसपास. यांतले कलबुर्गीचे जिल्हा विज्ञान केंद्र 1984 साली सुरू झाले. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या जिल्ह्यांत लहान केंद्रे काढण्याच्या परिषदेच्या धोरणातले ते एक. गंमत अशी की 1956 पर्यंत उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात होता. राज्यांची पुनर्रचना झाली, तालुका आधी उस्मानाबाद जिल्ह्यात आणि 1982 साली नव्या लातूर जिल्ह्यात आला. भाषेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण आज आपल्या शाळांच्या सहली ठरतात तेव्हा राज्याच्या सीमेपलीकडचे हे केंद्र सहसा कोणाला आठवत नाही. आठवायला हरकत नाही.

मात्र महाराष्ट्रातली ‘हात लावा’ची परंपरा इमारतींपेक्षा जुनी आहे. ताराबाई मोडक 1945 साली बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे मिळाल्या. माँटेसोरीचे महागडे साहित्य खेड्यातल्या बालवाडीला परवडणारे नव्हते. त्यांनी बिया, शिंपले, खडे, पाने यांचे साहित्य केले. अंगणवाडीची कल्पना तिथलीच. 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हेच काम चालले. पुढे 1972 साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 माध्यमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. 1978 साली पुण्याच्या कारखान्यातून रजा काढून अरविंद गुप्ता नावाचे तरुण अभियंते तिथे गेले. बाजारात फिरताना मिळालेली सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि आगकाड्या यांच्या जोडणीतून त्यांनी आकार उभे केले. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही; चार काड्यांचा चौकोन लगेच तिरका होतो. पुलाला, छपराच्या कैचीला त्रिकोण का लागतात हे त्या दहा-वीस पैशांच्या वस्तूने मुलांच्या बोटांना कळले. पुढे पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत, पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या साहाय्याने, मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. तिच्या इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षीतल्या ताऱ्याचे नाव, आणि त्यात पु. लं.ची आठवणही. गुप्ता 2003 ते 2014 या काळात तिथे होते.

पळी आणि आरसा

आता पुन्हा आमच्या धाकटीकडे येऊ. विज्ञान केंद्रात तिचे हात सुटले ते एका मोठ्या अंतर्वक्र आरशापुढे. लांबून ती त्यात उलटी दिसली, डोके खाली आणि पाय वर. ती चालत पुढे गेली तशी प्रतिमा मोठी होत होत पार विस्कटली. आणखी पुढे गेल्यावर ती एकदम सुलटी, भली मोठी झाली. ती मागे आली, पुन्हा उलटी. हे तिने किती वेळा केले ते आम्ही मोजले नाही. थोरला तेवढ्या वेळात पंधरा बटणे दाबून परत आला होता. त्याला विचारले, तर एकही नीट सांगता आले नाही.

घरी परतल्यावर तिने आजीच्या हातातली नवी स्टीलची पळी घेऊन तोंडासमोर धरली. उलटी! मग ती पळी जवळ आणत गेली, अगदी नाकाला टेकेपर्यंत. “आज्जी, ही सुलटी होईना की!” आजीने पळी पुसून दिली. तरीही होईना.

आम्हाला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. उत्तर अवघड नाही. गोलाकार आरशाचे नाभीय अंतर त्याच्या वक्रता त्रिज्येच्या साधारण निम्मे असते. पळीची त्रिज्या चार सेंटिमीटर धरली तर नाभी तिच्या तळापासून दोन सेंटिमीटरवर येते. सुलटी प्रतिमा दिसायची तर वस्तू नाभीच्या आत हवी, आणि चेहरा पळीच्या आत दोन सेंटिमीटरवर जाणार कसा? बोटाचे टोक मात्र जाते. बोट पळीच्या तळाशी नेले की ते सुलटे आणि जाडजूड दिसते. ते आम्ही तिला दाखवले. केंद्रातला आरसा इतका मोठा होता की मूल चालत नाभीच्या आत शिरत होते. दाढीचा अंतर्वक्र आरसा मिळाला तर चेहऱ्यापुरता हा बदल वर्गातही दाखवता येतो.

मोठे केंद्र आणि स्वयंपाकघरातली पळी यांचे नाते असे आहे. मोठा आरसा नसता तर तिला प्रश्न पडला नसता, आणि पळी नसती तर प्रश्न केंद्राच्या दारातच राहिला असता. म्हणून ‘आमच्याकडे विज्ञान केंद्र नाही’ ही तक्रार खरी आहे, ती जिल्हा परिषदेकडे आणि शासनाकडे लावून धरलीच पाहिजे; पण तोवर थांबून राहायचे कारण नाही. चार वर्षांचे मूल इमारत होईपर्यंत चारच वर्षांचे राहत नाही.

शाळेत काय करता येईल?

वर्गाच्या एका कोपऱ्यात एक टेबल मांडावे आणि त्यावर ‘हात लावा’ अशी पाटी लावावी. उदगीरला डाळीच्या गिरण्या आहेत. पण तूर भरडायचे जाते कित्येक मुलांनी चालवलेले नसते. जात्याचा खुंटा मध्यापासून दूर का असतो? जवळ धरून फिरवा आणि पाहा. विहिरीवरची जुनी कप्पी, चुंबक आणि ओढ्यातली वाळू, सायकलचे चाक, बिघडलेल्या रेडिओचे पोट, पळी. दर पंधरवड्याला दोन वस्तू बदलाव्यात. सांगायला आठवीची मुले बसवावीत. मात्र त्यांनी उत्तर सांगायचे नाही, पुढचा प्रश्न विचारायचा.

आणि सहल नेलीत, तर सगळे दालन एका दिवसात उरकू नये. लहान मुलांना तीन-चार मांडण्या पुरतात. जिथे मूल रमले तिथे आपण थांबावे, पाटी मोठ्याने वाचून दाखवू नये. परत आल्यावर ‘काय काय पाहिले?’ असे न विचारता ‘काय बदलून पाहिलेस?’ असे विचारावे.

आमच्या घरातली ती पळी आता चेपली आहे, पण अजून स्वयंपाकाला परत गेलेली नाही. धाकटीने ती खिडकीत ठेवली आहे. शेजारची मुले येतात तेव्हा ती त्यांना आधी सांगते, “हात लावला तरी चालतं.”