जर्नेलची शेंग

आमच्या घरात फुटबॉल आला तो रेल्वेच्या पासावर. आबा भुसावळला रेल्वेत होते. रोव्हर्स कप सुरू झाला की ते रजा टाकून मुंबई गाठत आणि कूपरेजवर सामने बघत. हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं तो कप नेला. त्या संघाला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक. आबा त्यांचं नाव नेहमी 'रहीमसाहेब' असंच घेत.

निवृत्तीनंतर धुळ्याच्या घरी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा मांडून आबा आम्हा पोरांना जकार्ताचा सामना दाखवायचे. १९६२ ची एशियाड. बचावपटू जर्नेलसिंगच्या डोक्याला मार लागून टाके पडलेले. मागे उभा केला तर धोका, बसवला तर संघ लंगडा. आबा मागच्या रांगेतली एक जाड शेंग उचलत आणि सरळ पुढच्या रांगेत नेऊन ठेवत. रहीमसाहेबांनी तेच केलं. जर्नेलने उपांत्य सामन्यात गोल केला, दक्षिण कोरियाविरुद्ध अंतिम सामन्यातही केला. अंतिम सामन्यातला पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा. भारत २-१ ने जिंकला. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढच्याच वर्षी ते गेले.

शेंगा गोळा करताना आबा अहिराणीत म्हणायचे, "आपलाच मानूसले आपला पोर्‍या समजतस."

मधले काका नोकरीसाठी मुंबईला गेले आणि कूपरेजचा वारसा त्यांच्याकडे आला. सुट्टीत घरी आले की ते महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडिया या संघांच्या गोष्टी सांगत. खालिद जमील हे नाव मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. जन्म कुवेतचा, कर्मभूमी मुंबई. मधल्या फळीतला हा खेळाडू १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताकडून खेळला. पुढे दुखापतींनी वाट अडवली. २००९ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी खेळणं थांबवलं आणि मुंबई एफसीचं प्रशिक्षकपद घेतलं.

तिथे पैसा बेताचा, मोठी नावं नाहीत. तरी खालिद असेपर्यंत हा संघ आय-लीगमधून खाली घसरला नाही. २०१६ मध्ये त्यांना जावं लागलं. ते मिझोरामच्या ऐझॉलला गेले, सोबत मुंबईचे जयेश राणे आणि आशुतोष मेहता. ऐझॉल आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेलेला, मग पुन्हा आत घेतलेला संघ. २०१६-१७ मध्ये त्याच संघाने मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून आय-लीग जिंकली. काकांचा फोन आला तेव्हा आनंदाने त्यांना धड बोलता येत नव्हतं.

१ ऑगस्ट २०२५ ला खालिद राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. सावियो मेदेरांनंतर तेरा वर्षांनी हे पद भारतीय माणसाकडे आलं. महिनाभरात ताजिकिस्तानातल्या स्पर्धेत यजमानांना २-१ ने हरवलं, आणि दोन्ही गोल बचावपटूंचे, अन्वर अली आणि संदेश झिंगन यांचे! आबा असते तर शेंगा काढून बसले असते. मग ओमानला पेनल्टीवर हरवून भारत त्या स्पर्धेत तिसरा आला. पण ऑक्टोबरमध्ये मडगावात सिंगापूरकडून १-२ अशी हार झाली, आशिया चषकाची वाट बंद झाली, आणि लगेच माणूस बदलायची भाषा सुरू झाली.

अशा वेळी मला आबांची दुसरी गोष्ट आठवते, जी ते कमी सांगत. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ ने धुतलं. आपले बरेच खेळाडू अनवाणी होते. प्रशिक्षक कोण? रहीमसाहेबच. त्या हारेनंतर संघाला बूट सक्तीचे झाले. रहीमसाहेबांना मात्र कायमचं घरी बसवलं गेलं नाही. १९५६ ला मेलबर्नचा संघ त्यांच्याच हाती होता. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले आणि आपण चौथे आलो. १९६० ला रोमलाही तेच गेले, १९६२ ला जकार्तालाही.

दहा गोल खाल्लेल्या माणसाकडे पुन्हा संघ सोपवला, म्हणून सुवर्णपदक आलं. खालिद रहीमसाहेब होतील की नाही, हे आज कुणी सांगू नये. पण ते कळायला लागतो तेवढा वेळ तरी त्यांना मिळाला पाहिजे, आणि तो देणं आपल्या हातात आहे.