पडद्यावरून पानावर

डिस्नेचा ‘स्नो व्हाइट’ डिसेंबर १९३७ मध्ये पडद्यावर आला, धो धो चालला आणि यथाकाल थिएटरातून उतरला. पुन्हा लागला तो १९४४ साली, त्यानंतर १९५२ साली. घरी पाहता येईल अशी त्याची व्हिडिओ कॅसेट निघाली थेट १९९४ मध्ये. पहिल्या खेळाला आईचं बोट धरून गेलेली मुलगी तोवर साठी ओलांडून गेली होती. मधल्या सत्तावन्न वर्षांत सात बुटक्यांचे चेहरे मनात आलं की लगेच पाहायचे, तर त्याला साधन एकच होतं, पुस्तक. चित्रपटाला जोडून निघणाऱ्या मुलांच्या चित्रपुस्तकाचा धंदा उभा राहिला तो या गरजेवर. तो चालला का, हे विचारायचं कारणच नाही, चांगलाच चालला. पण त्यातून पुस्तकं किती निघाली आणि पुस्तकाच्या आकाराच्या वस्तू किती, हे पाहायला हवं.

सुरुवात अमेरिकेतल्या मंदीच्या काळात झाली. विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावी ‘वेस्टर्न प्रिंटिंग’ नावाचा मोठा छापखाना होता. त्याच्या ‘व्हिटमन’ या शाखेने १९३२ च्या अखेरीस ‘बिग लिटल बुक्स’ काढायला घेतली. तळहातावर मावणारी, पण विटेसारखी जाड अशी ही पुस्तकं दहा सेंटला मिळत. डाव्या पानावर मजकूर, उजव्या पानावर चित्र, अशी त्यांची ठरलेली मांडणी. १९३३ साली वेस्टर्नने डिस्नेच्या पात्रांचे छपाईहक्क मिळवले आणि मिकी माऊस या विटांवर जाऊन बसला. नटनट्यांच्या चित्रपटांचीही अशी पुस्तकं निघाली. त्यांत उजव्या पानावर चित्रपटातलाच फोटो असे. काळ्या-पांढऱ्या, बारीक, हलक्या कागदावर छापलेल्या त्या फोटोंत पडद्यावरची जादू काही उतरत नसे. चित्रपट पाहिलेल्या मुलाला तेवढ्यावरून सगळं आठवायचं. न पाहिलेल्याला ती फक्त अनोळखी माणसं दिसायची.

आपल्याकडे थिएटरच्या दारात मिळणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकांचं काम याच्या नेमकं उलट होतं. त्या कथासार सांगता सांगता ऐन वळणावर थांबत आणि पुढचं रुपेरी पडद्यावर पाहा म्हणत. पुस्तिकेने प्रेक्षकाला तिकिटाच्या खिडकीकडे पाठवायचं असे. मुलांच्या पुस्तकाला तसं करून चालत नाही. त्याला गोष्ट शेवटापर्यंत, स्वतःच्या बळावर सांगावी लागते.

१९४२ साली ‘लिटल गोल्डन बुक्स’ आली आणि चित्र बदललं. सायमन अँड शुस्टर आणि वेस्टर्न यांनी मिळून एकदम बारा पुस्तकं काढली, किंमत पंचवीस सेंट. पुठ्ठा टिकाऊ, रंग भरपूर, आणि मिळण्याची जागा पुस्तकांचं दुकान एवढीच नव्हे. वाणसामानाच्या आणि औषधांच्या दुकानांतही ती दिसू लागली. पहिल्या पाच महिन्यांत पंधरा लाख प्रती गेल्या. ग्रंथपालांनी नाकं मुरडली, पण ज्या घरांत पुस्तक कधी आलंच नव्हतं तिथे ते पोचलं, याचं मोल मोठं आहे. दोन वर्षांनी डिस्नेची पुस्तकंही या मालेत दाखल झाली.

या मालेतली गाजलेली नावं चाळली तर एक गोष्ट लक्षात येते. ‘पोकी लिटल पपी’ची चित्रं काढणारे गुस्ताफ टेंगग्रेन ‘स्नो व्हाइट’साठी डिस्नेत काम करून आलेले. ‘कलर किटन्स’ रंगवणाऱ्या जोडप्यातले मार्टिन प्रोव्हेन्सन डिस्नेतले, तर ॲलिस प्रोव्हेन्सन वॉल्टर लँट्झच्या स्टुडिओतल्या. चित्रपटाने पुस्तकाला आधी दिले ते चित्रकार. गोष्ट कुठे थांबवायची, पात्र कोणत्या क्षणी कसं उभं राहील, रंगाने मनःस्थिती कशी सांगायची, हे सगळं ती माणसं स्टुडिओत शिकून आली होती. यांची सर्वात टिकाऊ पुस्तकं मात्र कोणत्याही चित्रपटावर बेतलेली नाहीत.

मेरी ब्लेअर यांचं उदाहरण याहून बोलकं आहे. ‘सिंड्रेला’, ‘ॲलिस इन वंडरलँड’ आणि ‘पीटर पॅन’ या चित्रपटांची रंगकल्पना बरीचशी त्यांची. त्यांची चित्रं सपाट रंगांची, धीट आकारांची. पडद्यावर येईतो गोलसर, हलत्या पात्रांच्या गरजेपुढे तो धीटपणा पुष्कळसा मऊ व्हायचा. २००७ साली ‘सिंड्रेला’ची ती मूळ कल्पनाचित्रं घेऊन एक चित्रपुस्तक निघालं, त्यासाठी गोष्ट सिंथिया रायलंट यांनी नव्याने लिहिली. चित्रपटानंतर सत्तावन्न वर्षांनी निघालेलं हे पुस्तक पडद्यावरच्या प्रतिमांची नक्कल करत नाही. पडद्याला जे पेललं नाही ते ते पानावर आणतं.

या सगळ्या प्रकारातलं सर्वात यशस्वी पुस्तक मात्र हॉलीवुडचं नाही, पॅरिसचं आहे. आल्बेर लामोरिस यांनी १९५६ साली ‘ल बालाँ रूज’, म्हणजे ‘लाल फुगा’, हा चौतीस मिनिटांचा चित्रपट केला. मेनिलमोंताँच्या चढउताराच्या, करड्या गल्ल्यांत एका मुलाला मोठा लाल फुगा सापडतो आणि तो फुगा कुत्र्याच्या पिल्लासारखा त्याच्या मागे मागे फिरू लागतो. मुलाचं काम लामोरिस यांचा मुलगा पास्कल याने केलं. संवाद जवळजवळ नाहीतच. तरीही या चित्रपटाला मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं. पूर्ण लांबीच्या चित्रपटांना मागे टाकून ते नेणारा हा एकमेव लघुपट. कान महोत्सवातही लघुपटांचा सर्वोच्च पुरस्कार त्यालाच मिळाला.

पुस्तक चित्रपटाच्या पाठोपाठ आलं. त्यात चित्रपटाचेच फोटो आहेत, काही रंगीत, बरेचसे काळे-पांढरे, आणि मजकूर लामोरिस यांचा. व्हिटमनच्या विटांतही चित्रपटाचेच फोटो होते. मग हे पुस्तक जमलं कसं? एक तर पान मोठं आहे, फोटोंना श्वास घ्यायला जागा आहे. गल्लीच्या उतारावर एकटा मुलगा आणि त्याच्या डोक्यावर एक गोल, एवढंच एका पानावर पुरतं. दुसरं, संवाद जवळजवळ नसलेल्या चित्रपटाला पुस्तकात निवेदकाचा आवाज मिळाला. लहान, साधी वाक्यं, कुठे उमाळा नाही. वाचून दाखवणाऱ्या माणसाला ती तोंडात बसतात.

सर्वात महत्त्वाचा फरक वेळेचा. दगड आणि गलोली घेऊन पोरं फुग्यामागे लागतात, त्याला गाठतात, आणि फुगा हळूहळू आकसतो. पडद्यावर हे पाहावंच लागतं, सुटका नाही. पुस्तकात मूल पान मागे उलटतं आणि फुगा पुन्हा टच्च फुगलेला असतो. मग धीर करून ते पुढे जातं. शहरभरचे फुगे जमून मुलाला आकाशात उचलतात, तिथवर किती वेळात पोचायचं हे त्याचं ते ठरवतं. चित्रपटाला हे देता येत नाही. हे पुस्तक टिकलं आहे ते यामुळे. चित्रपटातल्या त्या जुन्या वस्तीचा बराच भाग पुढे पाडला गेला. लामोरिस १९७० साली इराणमध्ये चित्रीकरण करताना हेलिकॉप्टरच्या अपघातात गेले. पुस्तक अजून छापलं जातं.

दुसरा मार्ग रशियन चित्रकार फ्रांचेस्का यार्बुसोवा यांनी दाखवला. ‘धुक्यातला साळू’ हा दहा-साडेदहा मिनिटांचा ॲनिमेशनपट त्यांचे पती युरी नॉर्श्टेन यांनी १९७५ मध्ये मॉस्कोच्या सोयुझमुल्तफिल्म स्टुडिओत केला. कथा सर्गेई कोझलोव यांची, चित्रं यार्बुसोवा यांची. काचेच्या थरांवर ठेवलेल्या चित्रांपुढे पातळ कागद हलवत नॉर्श्टेन यांनी धुकं उभं केलं होतं. पुस्तक करायची वेळ आली तेव्हा चित्रपटातल्या चौकटी उचलून चिकटवणं सोपं होतं. यार्बुसोवा यांनी ती चित्रं पुस्तकासाठी पुन्हा काढली. जपानच्या फुकुइनकान या बालपुस्तकांच्या जुन्या प्रकाशनाने ते २००० साली छापलं. त्यातलं धुकं हलत नाही, पण कागदावर साचून राहतं, आणि रास्पबेरीचा मुरंबा घेऊन अस्वलाकडे निघालेला साळू त्यात खरोखर हरवतो.

आता चित्रपट कधीही, कुठेही, हातातल्या फोनवर दिसतो. आठवण जपणं हे पुस्तकाचं जुनं काम संपलं आहे, तरीही नव्या चित्रपटासोबत दुकानात ढीग येतोच. संगणकावरून उतरवलेल्या चौकटी, खाली चार वाक्यं सारांश. अशा पुस्तकावर लेखकाचं नाव बारीक अक्षरांत असतं आणि चित्रकाराचं अनेकदा नसतंच, कारण पानासाठी कोणी चित्र काढलेलंच नसतं. मुलासाठी असं पुस्तक घ्यायची वेळ आली तर आधी चित्रकाराचं नाव शोधा. मग चित्रपट न पाहिलेल्या एखाद्या मुलाला त्यातली दोन पानं वाचून दाखवा. तिसरं पान त्याने स्वतः उलटलं तर पुस्तक घ्या.