संयुक्त पैज

संयुक्त पैज म्हणजे दोन किंवा अधिक स्वतंत्र निकालांवर एकत्रितपणे लावलेली पैज. अश्वशर्यतीत किंवा अन्य क्रीडास्पर्धेत अनेक शर्यतींचे विजेते निवडून ती लावली जाते आणि निवडलेले सर्व निकाल बरोबर आले तरच रक्कम मिळते. निवडींच्या एका गटातून तयार होणाऱ्या अनेक संयुक्त पैजा एकाच तिकिटावर एकत्र केल्या, की तिला संच-पैज किंवा इंग्रजीवरून सिस्टिम बेट म्हणतात. संच-पैजेत काही निवडी चुकल्या तरी काही रक्कम हाती येऊ शकते. मात्र त्यासाठी एकाऐवजी अनेक पैजांचे पैसे भरावे लागतात, आणि तिच्याविषयीचे बहुतेक गैरसमज नेमके येथूनच सुरू होतात.

महाराष्ट्रात कायदेशीर संयुक्त पैज मुंबईच्या महालक्ष्मी व पुण्याच्या शर्यतमैदानांशी निगडित आहे. मटक्याच्या रूपाने तिचा बेकायदेशीर अवतार मात्र मुंबईतील गिरणगावापासून कोकणातील बाजारपेठांपर्यंत पोहोचला.

रचना व गणित

अ, ब आणि क या तीन वेगवेगळ्या शर्यतींतील तीन घोड्यांची निवड केली, तर त्यांच्यापासून अब, बक आणि अक अशा तीन दुहेरी पैजा व अबक ही एक तिहेरी पैज होते. या चार पैजांच्या संचाला ट्रिक्सी म्हणतात. त्यात तीन एकेरी पैजा मिळवल्या की सात पैजांचा पेटंट होतो. चार निवडींच्या सहा दुहेरी, चार तिहेरी व एक चौपदरी अशा अकरा पैजांना यांकी हे नाव आहे. पाच निवडींच्या संचाला कॅनेडियन म्हणतात व त्यात २६ पैजा असतात. सहा निवडींच्या संचात ५७ पैजा होतात. एका खाद्यपदार्थ कंपनीच्या 'सत्तावन्न प्रकार' या जाहिरातीवरून त्याला हाइन्झ हे गमतीदार नाव पडले. सात निवडींचा सुपर हाइन्झ १२० पैजांचा आणि आठ निवडींचा गोलायथ २४७ पैजांचा असतो. ही सर्व नावे ब्रिटनमधील पैजव्यवसायात रूढ झाली.

या आकड्यांमागील नियम सोपा आहे. निवडींची संख्या जितकी, तितके दोन घेऊन त्यांचा गुणाकार करावा आणि त्यातून एक वजा करावा, म्हणजे एकेरीसह सर्व पैजांची संख्या मिळते. एकेरी पैजा वगळायच्या असल्यास निवडींची संख्या पुन्हा वजा करावी. सहा निवडींसाठी ६४ मधून एक आणि सहा वजा केले की ५७ उरतात. निवड एकाने वाढली की खर्च जवळपास दुप्पट होतो, हे तिकीट भरताना सहसा लक्षात येत नाही.

गणिताच्या परिभाषेत क्रमाचा विचार न करता केलेल्या निवडीला समचय आणि क्रमासह केलेल्या मांडणीला क्रमचय म्हणतात. पैजेच्या व्यवहारात हे दोन शब्द सर्रास एकमेकांऐवजी वापरले जातात. ब्रिटनमधील फुटबॉल पूल या स्पर्धेत दहा सामन्यांतून आठ निवडून होणाऱ्या ४५ ओळींना 'पर्म', म्हणजे क्रमचयाचे लघुरूप, म्हणत असत. वास्तविक तो समचय होय. लिव्हरपूल येथे १९२३ मध्ये सुरू झालेल्या लिटलवुड्स कंपनीने हा प्रकार घराघरांत नेला.

यांकीचे एक उदाहरण

चार घोड्यांचा प्रत्येकी भाव तिनास एक आहे, असे मानू. म्हणजे दहा रुपये लावल्यास मुद्दलासह चाळीस रुपये परत मिळतात. प्रत्येक पैज दहा रुपयांची धरल्यास यांकीच्या अकरा पैजांना ११० रुपये लागतात. एकही घोडा जिंकला नाही किंवा एकच जिंकला, तर काहीही मिळत नाही. दोन जिंकल्यास एका दुहेरी पैजेचे १६० रुपये मिळतात. तीन जिंकल्यास तीन दुहेरी व एक तिहेरी मिळून ११२० रुपये आणि चारही जिंकल्यास ६०८० रुपये हाती येतात. चर्चा नेहमी या शेवटच्या आकड्याचीच होते.

आता प्रत्येक घोड्याची जिंकण्याची खरी शक्यता पाचात एक आहे असे धरू. दिलेला भाव पाचपट परतीऐवजी चौपट परतीचा आहे, म्हणजे फरकाचे पैसे भाव देणाऱ्याकडे राहतात. अशा स्थितीत चारपैकी शून्य किंवा एकच घोडा जिंकण्याची शक्यता सुमारे ८२ टक्के येते. म्हणजे शंभरातील ब्याऐंशी वेळा सर्व ११० रुपये बुडतात. दीर्घकाळाच्या सरासरीने ११० रुपयांपैकी सुमारे ६३ रुपये परत येतात. तेच ११० रुपये एकेरी पैजांवर विभागून लावले असते, तर सरासरी ८८ रुपये परत आले असते.

या तफावतीचे कारण असे, की ठरलेल्या भावाच्या साखळीत प्रत्येक कडीला भाव देणाऱ्याची वजावट नव्याने लागू होते. एकेरी पैजेत रुपयाचे ८० पैसे परत येत असतील, तर दुहेरीत ६४, तिहेरीत सुमारे ५१ आणि चौपदरीत सुमारे ४१ पैसे येतात. संच केल्याने ही गळती थांबत नाही. संच फक्त हरण्या-जिंकण्याचे वाटप बदलतो. निवडीच मुळात इतरांच्या अंदाजापेक्षा चांगल्या असतील, तर मात्र हाच गुणाकार पैज लावणाऱ्याच्या बाजूने काम करतो. अशा निवडी सातत्याने करणारे लोक अत्यंत थोडे असतात.

टोट आणि जॅकपॉट

मुंबईत संघटित अश्वशर्यतींचा आरंभ १८०२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे टर्फ क्लबशी जोडला जातो. सुरुवातीच्या शर्यती भायखळ्यास होत. महालक्ष्मीचे मैदान १८८३ मध्ये तयार झाले. पुढे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब या नावाने ओळखली जाऊ लागलेली संस्था मुंबई व पुणे या दोन्ही ठिकाणच्या शर्यती भरवते. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात आणि पुण्याचा पावसाळ्यात असतो.

मैदानावर पैज लावण्याचे दोन मार्ग आहेत. परवानाधारक बुकी स्वतः भाव ठरवतो. टोटमध्ये, म्हणजे टोटलायझेटरमध्ये, सर्व पैजांची रक्कम एका कुंडात जमा होते, तीतून कर व क्लबचा हिस्सा वजा होतो आणि उरलेली रक्कम जिंकलेल्या तिकिटांत वाटली जाते. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर याने प्रचारात आणली. टोटमध्ये भाव आधी ठरलेला नसतो. तो शेवटच्या तिकिटानंतर ठरतो, त्यामुळे येथे पैज लावणाऱ्याची स्पर्धा बुकीशी नसून इतर पैज लावणाऱ्यांशी असते.

भारतीय टोटमध्ये विन व प्लेस या साध्या कुंडांखेरीज अनेक संयुक्त कुंडे असतात. क्विनेलामध्ये पहिले दोन घोडे कोणत्याही क्रमाने ओळखायचे असतात, फोरकास्टमध्ये ते क्रमानेच सांगावे लागतात, तर टनालामध्ये पहिले तीन घोडे अचूक क्रमाने ओळखावे लागतात. ट्रेबल सलग नसलेल्याही तीन ठरावीक शर्यतींच्या विजेत्यांवर असते. जॅकपॉटमध्ये पाच ठरावीक शर्यतींचे विजेते निवडावे लागतात. जॅकपॉटच्या कुंडातील ७० टक्के रक्कम पाचही विजेते ओळखणाऱ्यांना आणि ३० टक्के रक्कम एक निवड चुकलेल्यांना देण्याची प्रथा आहे. म्हणूनच वृत्तपत्रांतील शर्यतींच्या निकालात जॅकपॉटपुढे दोन वेगवेगळे आकडे छापलेले दिसतात.

संयुक्त तिकिटाची खरी गंमत जॅकपॉटमध्ये कळते. पाच शर्यतींत अनुक्रमे दोन, तीन, एक, चार आणि दोन घोडे निवडले, तर या संख्यांचा गुणाकार ४८ येतो. म्हणजे ते एक तिकीट नसून ४८ तिकिटे असतात. ज्या शर्यतीत एकच घोडा धरला आहे, त्याला बँकर म्हणतात. बँकर हरला की पूर्ण दावा कोसळतो. तेथे एक घोडा वाढवावा, तर तिकिटांची संख्या थेट ९६ होते. प्रत्येक शर्यतीत दहा घोडे धावत असतील, तर एकंदर एक लाख संयोग संभवतात. त्यापैकी ४८ हाती आहेत, हे लक्षात घेतल्यास तिकिटाची किंमत व त्याचे बळ यांचा अंदाज येतो. टनालात चार घोड्यांचे सर्व क्रम धरायचे झाल्यास २४, पाच घोड्यांचे ६० तिकिटे लागतात. क्विनेलात मात्र चार घोड्यांना सहाच तिकिटे पुरतात, कारण तेथे क्रम मोजला जात नाही.

बुकीकडील साखळीच्या तुलनेत जॅकपॉटला एक गुण आहे. पाच शर्यतींसाठी कुंडातून वजावट एकदाच होते. त्यामुळे अभ्यासू शर्यतशौकीन जॅकपॉटला साखळीपेक्षा वरचढ मानतात. परंतु सर्वांनी एकच लोकप्रिय घोडे निवडलेले असतील, तर पाचही विजेते बरोबर येऊनही वाट्याला अत्यल्प रक्कम येते. पैज जिंकणे आणि पैसे मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे टोट जितक्या स्पष्टपणे दाखवतो तितके दुसरा कोणताही प्रकार दाखवत नाही.

मटका : समचयाचा देशी अवतार

मटक्याचा उगम कापसाच्या बाजारात झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून मुंबईस कळवल्या जाणाऱ्या उघडत्या व बंद भावांवर पैजा लागत. १९६१ मध्ये ती सोय बंद पडल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीस आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे आकडे काढण्यास सुरुवात केली. 'ओपन' आणि 'क्लोज' हे कापूस बाजारातील शब्द मात्र कायम राहिले.

तीन पत्ते काढून त्यांचे अंक चढत्या क्रमाने लिहिले, की पाना किंवा पत्ती तयार होते. अंकांच्या बेरजेतील एकम स्थानचा अंक हा त्या फेरीचा आकडा होय. एकूण पाने २२० असून त्यांपैकी १२० पानांत तिन्ही अंक वेगळे, ९० पानांत दोन अंक सारखे व दहा पानांत तिन्ही सारखे असतात. तिन्ही अंक स्वतंत्रपणे व समान शक्यतेने निघतात असे मानले, तर वेगळ्या अंकांचे एखादे पान हजारात सहा वेळा, दोन सारख्या अंकांचे तीन वेळा व तिन्ही सारख्या अंकांचे एकदाच येते. गुणाकार करून बेरीज घेतल्यास ७२०, २७० व १० मिळून बरोबर एक हजार भरतात. प्रत्येक प्रकाराचा दर वेगळा ठेवण्यामागे हेच गणित आहे.

संच-पैजेची कल्पना येथे 'मोटर' या नावाने आढळते. पाच अंक निवडून त्यांच्यापासून होणारी वेगळ्या अंकांची सर्व दहा पाने लावणे म्हणजे मोटर. सहा अंक घेतल्यास पाने वीस होतात. उघडता व बंद या दोन्ही फेऱ्यांची पाने एकत्र सांगण्यास संगम म्हणतात. अल्पशिक्षित मानल्या गेलेल्या आकडा लावणाऱ्यांच्या तोंडी समचयाची ही कोष्टके पाठ असत, ही गोष्ट शालेय गणिताच्या अध्यापकांनी विचारात घेण्याजोगी आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात परवानाप्राप्त शर्यतमैदान नाही. मालवण, कुडाळ, सावंतवाडी या भागांतील असंख्य कुटुंबांतील कर्ते पुरुष पिढ्यानपिढ्या मुंबईच्या गिरण्यांत नोकरीस होते आणि मटक्याचा मोठा ग्राहकवर्ग त्याच गिरणगावात होता. गावी येणाऱ्या मनीऑर्डरीवर घर चालत असे. त्यामुळे पगाराच्या दिवशी लागलेल्या आकड्याचा हिशेब शेवटी कोकणातील चुलीपाशी येऊन थांबत असे. तेथे समचयाचे कोष्टक कोणाला माहीत नसे, पण रक्कम कमी आल्याचे तत्काळ कळे.

शब्दकोड्यांच्या स्पर्धा

स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात बक्षिसांच्या शब्दकोड्यांतही हेच तत्त्व वापरले गेले. कोड्यातील दहा जागी दोन-दोन पर्यायी शब्द शक्य असतील, तर सर्व शक्यता भरण्यासाठी १०२४ प्रवेशपत्रिका लागत व प्रत्येकीस शुल्क असे. १९४८ च्या मुंबई कायद्याने अशा स्पर्धांवर नियंत्रण व कर बसवला. आर. एम. डी. चमारबागवाला खटल्यात १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुगारी स्वरूपाच्या स्पर्धांना व्यापाराच्या मूलभूत स्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निर्णय दिला.

कायदा व करआकारणी

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. शर्यतीच्या दिवशी, परवानाप्राप्त मैदानाच्या राखीव आवारात, परवानाधारक बुकीकडे किंवा टोटमध्ये लावलेली अश्वशर्यतीवरील पैज त्यातून वगळलेली आहे. मैदानांचे परवाने १९१२ च्या कायद्यानुसार दिले जातात. मटका या अपवादात बसत नाही.

भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक असून जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल करता येत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ च्या कायद्यामुळे पैजेशी संलग्न असलेले करारही निरर्थक ठरतात. साहजिकच आकडा 'लागला' तरी पैसे बुडवणाऱ्याविरुद्ध न्यायालयाचे दार बंद असते.

के. आर. लक्ष्मणन खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अश्वशर्यत हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ असल्याचे मान्य केले. हे कौशल्य घोड्याचे कूळ, जॉकी, वजन व मैदानाची स्थिती यांच्या परीक्षणात आहे. निवडींचे संयोग करण्यात कौशल्याची भर पडते असे त्यातून सूचित होत नाही.

वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये लागू झाल्यावर शर्यतीवरील पैजेला २८ टक्के दर लागला व पुढे तो पैजेच्या पूर्ण दर्शनी रकमेवर आकारण्याचा नियम करण्यात आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के आहे. नफ्यावर नव्हे तर लावलेल्या रकमेवर कर असल्यामुळे ४८ संयोगांच्या तिकिटात तो ४८ संयोगांवर पडतो, मग त्यांतील बहुतेक हरणारच असले तरीही. २०२५ मध्येच संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला.