बारा पूर्वजांची वंशावळ : युरोपीय बायसन कसा वाचला? (धागा)

१/ १९१९ साली बियालोव्हिएजाच्या अरण्यात, आजच्या पोलंड-बेलारूस सीमेवर, तिथला शेवटचा मुक्त बायसन मारला गेला. पहिल्या महायुद्धापूर्वी रशियन झारच्या या राखीव शिकारभूमीत सातशेहून अधिक बायसन होते. सैनिक आणि चोरटे शिकारी यांनी काही वर्षांतच कळप संपवला. कॉकेशस पर्वतातले उरलेसुरलेही १९२७ पर्यंत नष्ट झाले.

२/ आपल्या गव्याचा हा दूरचा भाऊबंद आज पुन्हा युरोपच्या जंगलांत चरतो आहे. श्रेय सहसा प्राणिसंग्रहालयांना दिले जाते. ते योग्यच, तरी अपुरे आहे. एकेका संग्रहालयातल्या दोन-चार जनावरांच्या बळावर कोणतीही जात टिकत नाही.

३/ १९२३ साली पॅरिसच्या निसर्गसंरक्षण परिषदेत पोलिश प्राणिशास्त्रज्ञ यान श्टोल्त्समान यांनी बायसन वाचवण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. अध्यक्ष फ्रँकफर्ट प्राणिसंग्रहालयाचे कुर्ट प्रीमेल. हे वर्ष ध्यानात घ्यावे. फ्रेंच फौजा तेव्हा जर्मनीच्या रूर प्रांतात ठाण मांडून होत्या!

४/ पहिले काम शिरगणतीचे. संग्रहालये आणि जमीनदारांची खाजगी उद्याने मिळून शुद्ध रक्ताची अवघी ५४ जनावरे भरली. अमेरिकन बायसन किंवा पाळीव गुरांशी संकर झालेली वगळावी लागली. मग प्रत्येकाच्या आईबापांचा शोध घेऊन १९३२ मध्ये वंशावळ छापली गेली. शर्यतीच्या घोड्यांच्या अशा नोंदी इंग्लंडमध्ये अठराव्या शतकापासून होत्या. वन्य प्राण्यासाठी मात्र हा पहिलाच प्रयत्न.

५/ या वहीचा उपयोग काय? सगळा वंश अवघ्या १२ मूळ जनावरांपासून वाढवायचा होता. जवळच्या नात्यात पैदास होत राहिली तर वंश दुबळा होत जातो. कोणता नर कोणत्या कळपात धाडावा, हे नोंदीवाचून ठरवणे अशक्य. जनावर मालकाचे राहिले, पण त्याची नोंद साऱ्यांसाठी खुली झाली. या बारांत कॉकेशसचा एकच नर होता. १९०७ साली जन्मलेला आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत आणलेला हा बैल, नावही ‘काउकासुस’. त्याच्या उपजातीचे जे काही रक्त आज उरले आहे, ते त्याच्या एकट्याचे. नावांतही वंश दिसतो : पोलिश कळपातल्या जनावरांची नावे ‘पो’ने, तर प्श्चिना इथल्या कळपातल्यांची ‘प्ल’ने सुरू होतात.

६/ दुसऱ्या महायुद्धाने हे सहकार्य जवळजवळ बुडवले. बायसनच्या पैदाशीत रस घेणारे बर्लिन प्राणिसंग्रहालयाचे संचालक लुट्झ हेक नाझी राजवटीच्या जवळचे होते. वॉर्सा पडल्यावर तिथल्या प्राणिसंग्रहालयातली मोलाची जनावरे त्यांनी जर्मनीला नेली. त्या ओस पडलेल्या संग्रहालयाचे संचालक यान झाबिन्स्की आणि त्यांच्या पत्नी अंतोनिना यांनी रिकाम्या पिंजऱ्यांत व घरात शेकडो ज्यूंना आसरा दिला. (‘द झूकीपर्स वाइफ’ हा चित्रपट यांच्यावरच आहे.) चित्रपटाच्या गाजावाजात एक गोष्ट मागे पडते. युद्धानंतर बायसनच्या वंशावळीचे काम पोलंडकडे आले आणि तिचे संपादन याच झाबिन्स्कींनी केले. ‘शुद्ध रक्ता’च्या नावाखाली माणसांची कत्तल पाहिलेल्या माणसाने पुढे जनावरांच्या शुद्ध रक्ताची नोंद ठेवली, हा योगायोग अस्वस्थ करणारा आहे.

७/ १९५२ मध्ये बियालोव्हिएजात बायसन पुन्हा मोकळे सोडले गेले. २०१९ पर्यंत मुक्त बायसनांची संख्या सहा हजारांपलीकडे गेली आणि २०२० साली आययूसीएनच्या यादीत ही जात ‘असुरक्षित’ गटातून ‘संकटसमीप’ गटात आली. दरम्यान प्रझेवाल्स्कीच्या घोड्यासह अनेक जातींसाठी अशाच वंशावळी सुरू झाल्या.

८/ किंमतही मोजावी लागली. मैदानी वंश केवळ ७ पूर्वजांचा. त्यातही ‘प्लेबेयर’ हा नर आणि ‘प्लांटा’ ही मादी यांचाच वाटा सर्वांत मोठा. त्यामुळे आजच्या हजारो बायसनांतली जनुकीय विविधता फार तोकडी आहे. म्हणूनच वहीचे काम थांबलेले नाही. बियालोव्हिएजा राष्ट्रीय उद्यानातून तिच्या पुढच्या आवृत्त्या आजही निघतात.