इफ्कची घटना

पैगंबर मुहंमद यांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्यावर मदिनेत रचलेले कुभांड (इफ्क) आणि त्याचा निवाडा. काळ हिजरी ५ किंवा ६, म्हणजे इ. स. ६२७ च्या सुमाराचा. सविस्तर वृत्तांत ‘सहीह बुखारी’ व ‘सहीह मुस्लिम’ या दोन्ही हदीससंग्रहांत आहे आणि तो खुद्द आयेशांच्या तोंडचा आहे. त्यांच्यावर आजही शिंतोडे उडवले जातात ते बहुधा याच वृत्तांतातली अर्धीमुर्धी वाक्ये उचलून. म्हणून तो सलग वाचणे अगत्याचे आहे.

बनू मुस्तलिक टोळीवरील मोहिमेहून परतताना रात्रीच्या मुक्कामी आयेशा देहधर्मासाठी तळाबाहेर गेल्या. गळ्यातला यमनी मण्यांचा हार तुटून पडल्याचे ध्यानात आल्यावर तो शोधायला त्या पुन्हा मागे वळल्या. इकडे माणसांनी त्यांचा पडदेबंद हौदा उंटावर चढवला. त्यांचे वजनच इतके कमी की आत कोणी नाही हे कळले नाही. तळ हललेला पाहून त्या तिथेच बसून राहिल्या आणि त्यांना झोप लागली. सैन्यामागून येणाऱ्या सफवान इब्न मुअत्तल यांनी त्यांना ओळखले, आपल्या उंटावर बसवले आणि स्वतः दोर धरून पायी चालत भर दुपारी सैन्य गाठले. लपवण्यासारखे काही असते तर हा प्रवास साऱ्या सैन्यादेखत संपला नसता.

मदिनेतल्या दांभिकांचा म्होरक्या अब्दुल्लाह इब्न उबय्य याने या गोष्टीला तिखटमीठ लावले. मिस्तह इब्न उसासा, कवी हस्सान इब्न साबित आणि हम्ना बिन्त जहश हेही त्यात ओढले गेले. आयेशा महिनाभर आजारी होत्या. त्यांना गंधवार्ताही नव्हती. एका रात्री सोबत चालणाऱ्या मिस्तहच्या आईने ठेच लागताच स्वतःच्याच मुलाला शाप दिला, तेव्हा सारे उघड झाले.

पैगंबरांनी चौकशी केली. ‘स्त्रिया पुष्कळ आहेत’ असे हजरत अली म्हणाले, एवढेच आक्षेपक सांगतात. पण दासीला विचारा, ती खरे सांगेल, हेही अलींनीच सुचवले. दासी बरीरा हिने शपथेवर सांगितलेला दोष एवढाच, की ही कोवळ्या वयाची मुलगी मळलेली कणीक राखता राखता झोपी जाते आणि शेळी येऊन ती खाऊन जाते. यापेक्षा निखळ साक्ष सापडणे कठीण. हम्नाची सख्खी बहीण आणि आयेशांची सवत झैनब यांनीही त्यांच्याविषयी चांगलेच सांगितले, ही गोष्ट विशेष वजनाची आहे.

पुढे कुराणातील ‘अन्-नूर’ या सूरहच्या ११ व्या आयतीपासूनच्या आयती अवतरल्या आणि आयेशा निर्दोष ठरल्या. आईने पैगंबरांकडे जायला सांगितले, तेव्हा आपण आभार मानू ते फक्त अल्लाहचे, असे त्या म्हणाल्या. याला उद्धटपणा म्हणणे अन्यायाचे आहे. महिनाभर आळ सोसलेल्या निरपराध स्त्रीचा तो स्वाभिमान होता, आणि त्यावर पैगंबरांनी त्यांना बोल लावल्याचे या वृत्तांतात कुठेही नाही. याच सूरहच्या ४ थ्या आयतीनुसार, शीलवान स्त्रीवर आळ घेऊन ४ साक्षीदार न आणणाऱ्याला ८० फटक्यांची शिक्षा आहे. आयेशांचे वडील अबू बक्र यांनी नातेवाईक मिस्तहची मदत तोडली होती. क्षमेचा उपदेश करणाऱ्या २२ व्या आयतीनंतर त्यांनी ती पुन्हा चालू केली. हस्सानला कोणी दूषणे देऊ लागला तर आयेशा स्वतः त्याला थांबवत.

श्रद्धेपोटी हा वृत्तांत डोळे मिटून स्वीकारला गेला असे नाही. इब्न शिहाब झुहरी यांनी तो उर्वा इब्न झुबैर, सईद इब्न मुसय्यब, अलकमा इब्न वक्कास आणि उबैदुल्लाह इब्न अब्दुल्लाह या चौघांकडून ऐकून एकत्र गुंफला. त्यात साद इब्न मुआझ यांचे नाव येते. पण मोहीम हिजरी ६ मधली धरल्यास ते आधीच निवर्तलेले होते. पैगंबरचरित्रकार इब्न इसहाक यांच्या पाठात त्या जागी उसैद इब्न हुदैर येतात. या पेचावर हदीसपंडितांनी मोकळेपणाने खल केला आहे.

शिया परंपरेत या आयतींचा संबंध पैगंबरांच्या सहचारिणी मारिया किब्तिया यांच्यावरील आळाशी जोडणारे कथनही आहे. अलींविरुद्धच्या इ. स. ६५६ च्या उंटाच्या लढाईमुळे आयेशांवर शिया विद्वानांची राजकीय टीका तीव्र असली, तरी कोणत्याही पैगंबराच्या पत्नीने व्यभिचार केला नाही, असे शेख तूसी यांच्यासारख्या मान्यवर भाष्यकारांनी स्पष्ट नोंदवले आहे. इराणचे तत्कालीन सर्वोच्च नेते अली खामेनेई यांनी २०१० मध्ये पैगंबरपत्नींची निंदा निषिद्ध ठरवणारा फतवा दिला.